टाऊन हॉल: कोल्हापूरच्या आतलं कोल्हापूर

[दृश्य: सकाळ. भाऊसिंगजी रोड. सीपीआर रुग्णालयाच्या फाटकातून बाहेर येणारी गर्दी. कॅमेरा रस्ता ओलांडून बागेत शिरतो.]

निवेदन:

सकाळची वेळ. सीपीआर रुग्णालयाच्या फाटकाशी रिक्षा लागलेल्या. नातेवाईक डब्याच्या पिशव्या सावरत आत-बाहेर करतायत. हॉर्न, फोन, हाका. हाच रस्ता ओलांडायचा आणि चार पावलं आत यायचं. झाडांच्या सावलीत आवाज मागे पडतो आणि समोर उभी राहते काळ्या दगडाची, टोकदार कमानींची एक इमारत: टाऊन हॉल, आजचं कोल्हापूरचं संग्रहालय.

कोल्हापूरकराला टाऊन हॉल कुठे आहे हे सांगावं लागत नाही. 'टाऊन हॉलपाशी भेटू' असं आपण कितीदा म्हणतो. पण आत शेवटचं कधी गेलात, असं विचारलं की बऱ्याच जणांना शाळेची सहल आठवते. रांगेत हात धरून चालणं आठवतं आणि बाईंचा 'काचेला हात लावू नका' हा दम आठवतो. आत काय पाहिलं होतं, ते मात्र आठवत नाही.

आज पुन्हा आत जाऊ. या वेळी घाई नाही.

[दृश्य: इमारतीची दर्शनी बाजू. कमानी, उतरती छपरं. कॅमेरा दगडाच्या सांध्यांवर थांबतो.]

निवेदन:

आत शिरण्याआधी थोडं बाहेरच थांबायचं, कारण या संग्रहालयातली सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे ही इमारतच आहे. 1872 ते 1876 या काळात ती बांधली गेली. आराखडा चार्ल्स मँट यांचा. ब्रिटिश लष्कराच्या इंजिनिअर दलातला हा अधिकारी. त्यानं कोल्हापूरला इतकं काही दिलं, की आपण रोज त्याच्या कामासमोरून जातो आणि आपल्याला ते माहीतही नसतं. समोरचं सीपीआर त्याचं. कसबा बावड्याच्या वाटेवरचा नवा राजवाडा त्याचा. बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याचा मूळ आराखडाही त्याचाच.

टाऊन हॉल आणि नवा राजवाडा एका दिवसात पाहून या. एकाच माणसाचा हात आहे, यावर पटकन विश्वास बसत नाही. टाऊन हॉल गॉथिक वळणाचा. टोकाशी निमुळत्या होत जाणाऱ्या कमानी, पावसाला झटकून टाकणारी उभी छपरं. थंड देशातलं चर्च डोळ्यांपुढे यावं अशी ही रचना. नव्या राजवाड्यात मात्र मँट इथल्या मातीशी बोलायला लागलेला दिसतो. घुमट, महिरपी, राजस्थान-गुजरातकडची नक्षी, आपल्या वाड्यांची आठवण करून देणारे भाग. मधे उणीपुरी काही वर्षंच गेली होती. राजवाडा 1884 मध्ये पुरा झाला, पण तो पाहायला मँट नव्हता. 1881 मध्येच तो वारला.

आराखडा मँटचा, पण दगड फोडला, तासला, चढवला तो इथल्या पाथरवटांनी. कमानीच्या माथ्यावरचा हा मधला दगड पाहा. दोन्ही बाजूंचा भार त्याच्यावर येतो आणि तो भारानंच घट्ट बसतो. आपला काळा दगड कठीण. छिन्नी थोडी चुकली तरी कपची उडते आणि दगड वाया जातो. इथे दीडशे वर्षं झाली, सांधे अजून सरळ रेषेत आहेत. ज्यांनी हे घडवलं त्यांची नावं मला कुठल्याच पाटीवर दिसली नाहीत. म्हणून कॅमेरा या सांध्यांवर जरा जास्त वेळ ठेवलाय.

[दृश्य: आतला उंच हॉल. काचेची कपाटं. एका छोट्या ब्राँझ मूर्तीवर प्रकाश.]

निवेदन:

आता आत. आणि पहिल्यांदा थेट याच्याकडे.

हाताच्या पंजात मावेल एवढी ही ब्राँझची मूर्ती. अंगावर वस्त्र नाही, शरीर पिळदार, भार एका पायावर टाकून उभा राहिलेला पुरुष. एक हात वर उचललेला. त्या मुठीत कधीकाळी त्रिशूळ असणार. आज मूठ रिकामी आहे. हा पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव.

समुद्रदेव, आणि कोल्हापुरात? जिथून समुद्र गाठायला आधी सह्याद्री उतरावा लागतो, तिथे?

तो सापडला ब्रह्मपुरीच्या टेकाडात. पंचगंगेच्या काठी, इथून चालत जाता येईल इतक्या अंतरावर. 1940 च्या दशकात तिथे उत्खनन झालं. 1945-46 मध्ये डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. मो. गं. दीक्षित यांनी ते टेकाड शास्त्रशुद्ध पद्धतीनं, थर उलगडत खणलं. वरच्या थरात बहामनी काळातली घरं, त्याखाली शिलाहारांचा काळ आणि तळाशी सातवाहनांच्या काळातलं विटांच्या घरांचं गाव. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातलं. म्हणजे आपण ज्याला जुनं कोल्हापूर म्हणतो त्याच्याही पोटात एक कोल्हापूर होतं, आणि त्या कोल्हापूरचा रोमशी व्यापार होता.

कोकणातल्या बंदरात जहाज लागायचं. माल बैलांच्या पाठीवर घाटातून वर यायचा. त्या मालाबरोबर रोमन जगात घडलेली भांडी आली, आरसा आला, आणि हा देवही आला. तो कुणी आणला, कुणाच्या देव्हाऱ्यात किंवा कोनाड्यात तो उभा होता, हे मूर्ती सांगत नाही. मला स्वतःला वाटतं, घाट चढून आलेल्या एखाद्या व्यापाऱ्यानं तो नुसता सुंदर आहे म्हणूनच जपला असेल. दोन हजार वर्षांनी आपण तेच करतोय.

त्याच्याबरोबरचा हा हत्तीही पाहून घ्या. पाठीवर माणसं बसलेली, तोही ब्राँझचा, पण घडण अगदी आपल्याकडची. सोंडेची लय, पाठीवर दाटीवाटीनं बसलेल्या माणसांची ऐट. पोसायडनचं कौतुक सगळेच करतात. या हत्तीपुढं फार कुणी थांबत नाही, आणि ते मला खटकतं.

[दृश्य: शिशाची नाणी. धनुष्यबाणाचं चिन्ह जवळून.]

निवेदन:

ब्रह्मपुरीनं याआधीही एकदा तोंड उघडलं होतं. 1877 मध्ये तिथे बौद्ध स्तूपातला एक स्फटिकाचा करंडक मिळाला. सोबत ब्राह्मी लिपीतला एका ओळीचा लेख: 'बम्हस दानं धमगुतेन कारितं'. म्हणजे ब्रह्म नावाच्या माणसाचं दान, काम करवून घेतलं धम्मगुप्तानं. एकानं पैसे दिले, दुसऱ्यानं काम पुरं केलं, आणि दोघांनीही नावं लिहून ठेवली.

आणि कोल्हापुरातच मिळालेली ही शिशाची नाणी. एका बाजूला धनुष्यबाण, कडेनं राजाचं नाव: वासिठीपुत विळिवायकुर. टॉलेमी नावाच्या भूगोलकारानं दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात बसून जगाचं वर्णन लिहिलं. त्यात हिप्पोकुरा नावाचं एक नगर येतं आणि बलिओकुरोस नावाचा तिथला राजा. काही अभ्यासकांनी हा बलिओकुरोस म्हणजे आपला विळिवायकुर, असं मानलं आहे. नाव हळू म्हणून बघा. विळिवायकुर, बलिओकुरोस. परक्याच्या जिभेवर आपली गावं-माणसं अशीच बदलतात.

ब्रह्मपुरीचं हे सगळं ठेवायचं कुठे, या गरजेतून 1946 मध्ये कोल्हापूरचं संग्रहालय सुरू झालं. 1949 मध्ये ते या टाऊन हॉलमध्ये आलं. त्याच वर्षी, 1 मार्चला, कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. संस्थानी काळातल्या सभागृहात संस्थानाच्याही आधीचं गाव राहायला आलं. आज संग्रहालय महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे.

[दृश्य: चित्रदालन. जलरंगातली निसर्गचित्रं.]

निवेदन:

इथून पुढे पावलं आपोआप मंदावतात. आपण कोल्हापूरच्या चित्रकारांपाशी आलोय.

आबालाल रहिमान. गडहिंग्लजकडचे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, नाव मिळवलं आणि कोल्हापुरात परत आले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार केलं. पण आबालाल दरबारापेक्षा तळ्याकाठीच जास्त रमले. कोटितीर्थ आणि रंकाळा ही तळी, रंकाळ्यातला संध्यामठ हे त्यांचे विषय. 1931 मध्ये ते गेले.

जलरंगातलं काम बघताना एक गोष्ट लक्षात ठेवा. इथे उजेड रंगवता येत नाही, तो सोडावा लागतो. पाण्यावर चमकणारी जी पांढरी रेघ दिसते, तो कोरा कागद असतो. चित्रकाराला पहिला हात मारण्याआधीच ठाऊक असावं लागतं, की ऊन कुठे पडणार. त्या जागेवरून कुंचला एकदा गेला की गेलं, तेलरंगासारखा वरून थर देऊन झाकता येत नाही. त्यात कागद ओला असेतोवरच झाडाची कड पाण्यात विरघळते. थोडा उशीर झाला की रेघ कोरडी पडते. तळ्याकाठी पहाटे बसणाऱ्या माणसाकडे किती धीर असेल आणि तरी हात किती चपळ असेल, ते या कोऱ्या जागांवरून कळतं.

कोल्हापुरात चित्रकला अशी माणसागणिक पुढे गेली. मुंबईत मोठं नाव कमावलेले महादेव विश्वनाथ धुरंधर जन्मानं कोल्हापूरचे, 1867 चे. दत्तोबा दळवींनी पिढ्या शिकवल्या. माधवराव बागल चित्रकार आणि सत्यशोधक विचारांचे लढवय्ये, दोन्ही एकदमच. कावळा नाक्यावरचा ताराराणींचा पुतळा आठवा, पुढचे दोन्ही पाय हवेत उचललेला घोडा. तो रवींद्र मेस्त्री यांनी घडवलेला. म्हणजे या दालनातल्या परंपरेतलं बरंच काही बाहेर चौकाचौकांत उभं आहे, ऊनपाऊस खात.

आणि बाबूराव पेंटर.

[दृश्य: खरी कॉर्नर. कॅमेरा मानस्तंभ. तिथून परत संग्रहालयात.]

निवेदन:

बाबूराव मेस्त्री, जन्म 1890. घरात सुतारकी, कोरीवकाम आणि रंग. चुलतभाऊ आनंदराव यांच्याबरोबर ते नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. पडदा म्हणजे काय, हे आजच्या पोरांना सांगावं लागेल. राजवाडा, जंगल, रस्ता, सगळं एका कापडावर. असं रंगवायचं, की शेवटच्या रांगेतल्या माणसाला त्या कापडात खोल शिरावंसं वाटलं पाहिजे. ती खोली कशी आणायची, हे या दोघांना जमलं होतं.

मग सिनेमाचं वेड लागलं. परदेशी कॅमेरा परवडणारा नव्हता, तर कॅमेराच करू म्हणाले. 1916 मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी ते काम सोडलं नाही. भागभांडवलासाठी गायिका तानीबाई कागलकर पुढे आल्या. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली, कॅमेराही तयार झाला, आणि 1920 मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आला. लोकमान्यांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं ते याच सुमारास. इथेच शिकलेल्या दामले, फत्तेलाल, शांतारामबापू या मंडळींनी 1929 मध्ये कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. पुण्याला ती 1933 मध्ये गेली.

पण बाबूरावांचा हात रंगाचा होता आणि शेवटपर्यंत तो रंगाचाच राहिला. शिवाजी चौकातला शिवरायांचा पुतळा 1945 चा, त्यांच्याच हातचा. आपण रोज त्याला वळसा घालून जातो.

[दृश्य: केशवराव भोसले नाट्यगृहाच्या दगडी भिंती.]

निवेदन:

इथून पुढचा भाग आम्ही टाऊन हॉलच्या बाहेर चित्रित केला, कारण टाळता आला नाही.

शाहू महाराज 1902 मध्ये युरोपला गेले होते. तिथली मोठी प्रेक्षागृहं, कुस्तीचे आखाडे पाहून परतले. 1912 मध्ये कुस्त्यांचं खासबाग मैदान तयार झालं, 1915 मध्ये त्याला लागूनच पॅलेस थिएटर. प्रेक्षागृहाच्या मधे एकही खांब नाही, म्हणजे मागच्या माणसाच्या नजरेआड काही येणार नाही. पुढे त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचं नाव दिलं गेलं. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती.

त्या रात्री रस्त्यावर उभे राहून रडलेली माणसं कोल्हापूरनं पाहिली. कुणी तिथे पहिल्यांदा तोंडाला रंग लावला होता, कुणी बापाच्या खांद्यावर बसून नाटक पाहिलं होतं. दगडी भिंती राहिल्या, लाकूड गेलं. नाट्यगृह होतं तसंच पुन्हा उभारायचं ठरलं. पण होतं तसं म्हणजे नेमकं कसं? सज्जाची नक्षी किती खोल होती? छताचा उतार किती? कठड्याचा रंग कुठला? असे प्रश्न पडले, की जुना फोटो, जुना आराखडा, कुणीतरी काढलेलं साधं रेखाटन शोधावं लागतं. ते कुठेतरी जपलेलं असावं लागतं.

[दृश्य: पुन्हा टाऊन हॉल. दुपार. शाळेची रांग आत येते. एक मुलगी पोसायडनच्या काचेपाशी रेंगाळते.]

निवेदन:

दुपारी एक शाळा आली. बाईंनी दम दिला, काचेला हात लावू नका. रांग पुढे सरकली. एक मुलगी मात्र पोसायडनपाशीच थांबली. त्याच्यासारखा एक हात वर करून, मूठ आवळून ती उभी राहून बघत होती. मग मागच्या मुलीला तिनं विचारलं, "ह्याच्या हातात काय होतं गं?"

[दृश्य: संध्याकाळ. रंकाळा. पाण्यात अर्धा बुडालेला संध्यामठ.]

निवेदन:

टाऊन हॉलमधून निघून संध्याकाळी रंकाळ्यावर आलो. पाणी भरपूर होतं, संध्यामठ अर्धा बुडालेला. पदपथावर भेळेच्या गाड्या लागल्या होत्या. कठड्यावर एक कॉलेजचा मुलगा मांडीवर बोर्ड घेऊन बसला होता, शेजारी पाण्याचा डबा. आकाश रंगवून झालं होतं. मठाच्या कळसाशी त्यानं कागद कोरा ठेवला होता आणि खालचं पाणी वाळायच्या आत तो घाईघाईनं त्यात सावली सोडत होता.

[दृश्य: कुंचला ओल्या कागदावर टेकतो. रंग पसरतो. चित्र मावळत जातं.]