भट्टीपासून डब्यापर्यंत

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय राकूबद्दल, म्हणजे मातीचं भांडं धगधगतं असतानाच भट्टीतून बाहेर काढायच्या पद्धतीबद्दल. तेही अनेकांनी मिळून चालवलेल्या सिरॅमिक स्टुडिओतल्या राकूबद्दल, कारण माझ्या मते राकूची खरी गंमत चारचौघांतच कळते.

एरवी भट्टी लावली की ती पार निवेपर्यंत हात लावायचा नसतो. राकूत उलटं. एकदा भाजलेल्या भांड्याला ग्लेझ, म्हणजे वितळून काचेसारखा होणारा लेप, लावून ते छोट्या गॅसभट्टीत ठेवतात. तापमान 1000 अंश सेल्सियसच्या आसपास गेलं की ग्लेझ वितळतं. भट्टीच्या भोकातून पाहिलं तर आधी बुडबुडे दिसतात. ते बसून भांडं ओलं असल्यासारखं चकाकलं की लांब चिमट्यानं ते तसंच धगधगतं बाहेर काढायचं. साधी माती इथे तडकेल, म्हणून राकूच्या मातीत ग्रॉग, म्हणजे भाजलेल्या मातीची भरड, मिसळतात.

भांडं आता भुसा आणि कागद भरलेल्या पत्र्याच्या डब्यात जायचं असतं. पांढरं ग्लेझ असेल तर क्षणभर थांबा आणि कान द्या. टिण, टिण असा बारीक आवाज येतो. आतल्या मातीपेक्षा ग्लेझ जास्त आकसतं आणि त्याला तडे जातात, त्याचा हा आवाज. मग भांडं डब्यात, भुशाचा भडका, झाकण घट्ट. धुरातला कार्बन तड्यांत शिरून काळं जाळं उमटतं. ग्लेझ नसलेली माती काळीकुट्ट होते. तांब्याच्या ग्लेझला मात्र हा थांबा चालत नाही. हवा कोंडली तरच त्यावर धातूची झळाळी चढते.

इतक्या घाईत एकट्याचे हात पुरत नाहीत. एकानं भट्टी उघडायची, दुसऱ्यानं चिमटा धरायचा, तिसऱ्यानं झाकण दाबायचं. महिनाभर जपलेलं आपलं भांडं ऐन वेळी दुसऱ्याच्या चिमट्यात असतं, आणि हा विश्वास मला फार मोलाचा वाटतो. अर्थात काम उघड्यावरच करायचं, जाड हातमोजे आणि चेहऱ्यावर शील्ड हवंच. कपडे सुती घाला. सिंथेटिक कापड वितळून कातडीला चिकटतं.

राकू मूळचं जपानचं. सोळाव्या शतकात क्योतोमध्ये चोजिरो या कुंभारानं चहागुरू सेन नो रिक्यू यांच्यासाठी असे वाडगे घडवले. पण भुशाच्या धुराची ही पद्धत जपानी परंपरेतली नव्हे. ती 1960च्या दशकात अमेरिकेत पॉल सोल्डनर या सिरॅमिक कलाकारामुळे रुजली.

एक मात्र नीट ऐका. धुरातली ही भांडी खाण्यापिण्यासाठी वापरू नका. ती सच्छिद्र असतात, पाणी झिरपतं. तांब्याची झळाळीही हवेनं हळूहळू उतरते.

पहिल्यांदा जाल तेव्हा डब्याचं झाकण धरायचं काम मागून घ्या. प्रत्येकाचं भांडं तुमच्या समोरूनच आत जाईल.