आधी लेकराच्या मनातली भीती जाऊ द्या, मग इंग्रजी

राम राम श्रोतेहो. आज पहिली-दुसरीच्या लेकरांच्या इंग्रजीबद्दल बोलायचंय. आपल्याकडं मराठी शाळेत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं २००० साली, म्हणजे पाव शतक होऊन गेलं, तरी अजून बाईंनी वर्गात पाय ठेवला, 'हाऊ आर यू' म्हणलं की सगळी पोरं एका सुरात 'आय ॲम फाइन, थँक यू' ओरडतात, आणि त्यातल्याच एखाद्याची माय आदल्या रात्री टोळीसोबत कारखान्याला गेलेली असते.

बीडकडं तर हे घरोघरी आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात ती उन्हाळ्याच्या तोंडाला परततात, लेकरं कुणाची आजीपाशी राहतात, कुणाची हंगामी वसतिगृहात. असं लेकरू स्पेलिंग चुकलं म्हणून सगळ्यांसमोर उभं केलं की त्याला इंग्रजीची धास्तीच बसते. स्टीफन क्रॅशन नावाच्या अमेरिकन भाषातज्ज्ञानं १९८०च्या दशकात हेच मांडलं, की मन भेदरलेलं असलं तर कानावर पडलेली भाषा आत उतरतच नाही. वर्गात रोज पोरं बघणाऱ्याला हे पटायला वेळ लागत नाही.

आमच्या वर्गात भिंतीवर एक तक्ता लावलाय, त्यावर हॅपी, सॅड, अँग्री, स्केअर्ड, टायर्ड असे तोंडं काढलेत, आणि प्रत्येकाच्या नावाचा कपड्याचा चिमटा आहे. सकाळी आलं की आपला चिमटा आपल्या तोंडाला लावायचा, बोलायची सक्ती नाही. दुसरीतल्या एका पोरीनं सॅडला लावला, मी जवळ बसून विचारलं 'व्हाय?', ती हळूच म्हणली, 'माय गेली.' मग मी म्हणलं, 'आय मिस माय मदर', तिनं ते माझ्यामागं म्हणलं, आणि हे वाक्य ती विसरली नाही, कारण ते तिचं स्वतःचं होतं. शेजारच्या पोरानं सरकून जागा केली, त्याला मी 'कम, सिट विथ मी' शिकवलं. आता वर्गात कुणी रडलं की हे वाक्य ऐकू येतंच.

यालाच सोशल इमोशनल लर्निंग म्हणतात, आपल्या मनात काय चाललंय ते ओळखणं, राग आवरणं, दुसऱ्याचं दुखणं समजणं. २०२०च्या शैक्षणिक धोरणातही पोरांच्या भावनिक वाढीचं आलंय, पण त्याला वेगळा तास मागायची गरज नाही, गुरुजींच्या मागं आधीच कामं कमी आहेत का? इंग्रजीच्याच तासात होतं. जे बोलायला लाजतात त्यांना आधी 'स्टँड अप', 'जंप', 'टच युवर नोज' असं नुसतं करू द्या, जेम्स ॲशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांची ही पद्धत जुनी आहे आणि ती चालते, ऐकून अंग हललं की समजलं हे आपल्याला कळतं, तोंड उघडायला थोडे दिवस लागले तर लागू द्यावेत. आणि मराठीत बोललं म्हणून रागावू नका, रडणारं लेकरू मायबोलीतच बोलणार.

आज्या-आजोबांनो, तुम्हाला इंग्रजी येत नसलं तरी चालतं. संध्याकाळी पाटीवर चार तोंडं काढा, लेकराला विचारा, आज तू यातलं कोणतं, आणि त्याचं इंग्रजी नाव त्यालाच तुम्हाला शिकवू द्या.