तारीख कोण ठरवतं?

नमस्कार श्रोतेहो.

"सोडणार नाही, सुप्रीम कोर्टापर्यंत जाईन!" हे वाक्य ज्याने कधीच ऐकलं नाही असा मुंबईकर शोधावाच लागेल. सोसायटीतलं पार्किंग असो, पागडीची खोली असो, नाहीतर शेजाऱ्याने गॅलरीत ठोकलेला पत्रा असो. भांडण कितीही लहान असलं तरी धमकी थेट दिल्लीची. बोलणाऱ्याला वाटत असतं की खाली हरलो तर हरलो, वर एक मोठं कोर्ट बसलंय आणि तिथे आपलं सगळं पहिल्यापासून ऐकून घेतील. या समजुतीबद्दल आज जरा बोलायचं आहे. कारण सर्वोच्च न्यायालयात एखादं प्रकरण घ्यायचं की नाही, घेतलं तर कधी ऐकायचं आणि कोणी ऐकायचं, या गोष्टी निकालाच्या कितीतरी आधी ठरतात. आणि बऱ्याच प्रकरणांचा खरा निकाल तिथेच लागून गेलेला असतो.

समजा, गिरगावातल्या एका चाळीतल्या खोलीचा दावा आहे. घरमालक विरुद्ध भाडेकरू. दावा लागला धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात. तिथे एक निकाल, मग तिथल्याच दोन न्यायाधीशांसमोर अपील, मग फोर्टात उच्च न्यायालय. एव्हाना दावा लावणारे आजोबा गेलेले असतात आणि वकीलपत्रावर नातवाची सही आलेली असते. उच्च न्यायालयातही हरलात, तर राज्यघटनेचं १३६वं कलम उरतं. त्याखाली करतात ती विशेष अनुमती याचिका, वकिलांच्या तोंडी एसएलपी. तिचं नाव नीट ऐका. ती अपील नव्हे, अपील करू द्या अशी विनंती आहे. ही विनंती सर्वसाधारणपणे उच्च न्यायालयाच्या निकालापासून ९० दिवसांत करायची. तीही आपल्या मुंबईच्या वकिलाला परस्पर करता येत नाही; त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाची परीक्षा पास झालेला ॲडव्होकेट ऑन रेकॉर्ड लागतो. शिवाय प्रत्येक मराठी कागदाचं इंग्रजी भाषांतर लागतं. पन्नास वर्षांपूर्वीच्या, शाई फिकी पडलेल्या भाडेपावतीचंसुद्धा. कागद गेले की डायरी नंबर, म्हणजे नोंदणीचा क्रमांक मिळतो, आणि मग रजिस्ट्री, म्हणजे न्यायालयाचं कार्यालय, त्यातले दोष काढते: समास कमी आहे, अमुक पान वाचता येत नाही, अमुक ठिकाणी सही नाही. हे दोष दूर होईपर्यंत याचिका कोणा न्यायमूर्तींसमोर जातच नाही. "आमची केस सहा महिने सुप्रीम कोर्टात आहे" असं सांगणाऱ्या पुष्कळांची केस या खिडकीपाशीच उभी असते.

पुढे काय होतं? पूर्वापार रिवाज असा की सोमवार आणि शुक्रवार हे दिवस नव्या याचिकांचे, आणि मधले तीन दिवस दाखल झालेल्या प्रकरणांच्या सविस्तर सुनावणीचे. सरन्यायाधीश बदलले की यात थोडा फेरफार होतो, पण सोमवार-शुक्रवारची कीर्ती कायम आहे. एका खंडपीठाच्या बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या प्रकरणांच्या यादीत, पन्नास-साठ मॅटर. न्यायमूर्तींनी फाइली आधीच वाचलेल्या असतात. सोमवारच्या फाइलींसाठी त्यांचे शनिवार-रविवार जातात. त्यामुळे पुकारा झाला की वकिलाला बोलायला मिळतात ती मोजकी मिनिटं. एखादा वकील "मायलॉर्ड्स, धिस इज अ केस व्हेअर" इथपर्यंत पोचतो आणि "डिसमिस्ड" ऐकून पुढच्याला जागा देतो. तीन पिढ्यांच्या खोलीचा विषय संपला. कारण सांगायचं बंधन नाही. उलट न्यायमूर्ती एकमेकांकडे बघून "नोटीस" म्हणाले, तर वकील बाहेर येऊन पहिला फोन अशिलाला लावतो. नोटीस म्हणजे जिंकणं नव्हे, फक्त समोरच्याला बोलावलंय. तरी पेढे वाटणारे अशील मी पाहिले आहेत!

कारण न देता याचिका फेटाळली म्हणजे उच्च न्यायालयाचा निकाल बरोबर होता असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, असा त्याचा अर्थ होत नाही. २००० सालच्या कुन्हायम्मद प्रकरणात न्यायालयानेच हे स्पष्ट केलंय. अर्थ एवढाच की आम्ही यात पडत नाही. हरलेल्या माणसाला हा फरक समजावून सांगणं हे वकिलीतलं सर्वांत कठीण काम असावं.

आता थोडं अमेरिकेकडे वळू. निवड उघडपणे कशी करतात ते तिथे स्वच्छ दिसतं.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचं सत्र ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी सुरू होतं आणि निकाल जूनअखेर, फार तर जुलैच्या सुरुवातीला संपवतात. न्यायमूर्ती नऊ. वर्षाला अर्ज येतात चार-पाच हजार, आणि पूर्ण सुनावणी होते जेमतेम साठेक प्रकरणांची. बाकीच्यांना एका ओळीचा नकार. अर्जाची मुदत तिथेही ९० दिवसांचीच. बहुतेक न्यायमूर्तींचे तरुण मदतनीस हे अर्ज आपसांत वाटून घेतात आणि एकेकावर टिपण लिहितात. ज्या अर्जांवर बोलायला हवं त्यांची यादी सरन्यायाधीश फिरवतात. इतर कोणीही न्यायमूर्ती तिच्यात भर घालू शकतो. यादीत न आलेला अर्ज चर्चेविनाच संपतो. मग बैठक. त्या खोलीत नऊ जणांशिवाय कोणी नाही, लघुलेखक नाही की शिपाई नाही. दारावर टकटक झाली तर सर्वांत कनिष्ठ न्यायमूर्तीने उठून दार उघडायचं. देशाचं सर्वोच्च न्यायासन आणि कडी काढायचं काम धाकट्याकडे, हे मला फार आवडतं.

नऊपैकी चार जणांनी होकार दिला की प्रकरण सुनावणीला येतं. जिंकायला पाच लागतात, दार उघडायला चार पुरतात. हा नियम कायद्यात लिहिलेला नाही, न्यायालयाने स्वतः पाळलेला रिवाज आहे. बहुमताने अल्पमताचे प्रश्न दाराबाहेरच ठेवू नयेत, हा त्यातला विचार. आणि निवडायचं कशावर? खालच्या कोर्टाने चूक केली एवढं पुरत नाही. दोन प्रांतांतल्या अपील न्यायालयांनी एकाच कायद्याचे दोन अर्थ लावले असतील, तर ते प्रकरण पुढे सरकतं. आपल्या गिरगावच्या खोलीला तिथे कोणी विचारलं नसतं. पण फ्लोरिडाच्या तुरुंगातून क्लॅरन्स गिडियन नावाच्या कैद्याने पेन्सिलने लिहून पाठवलेला अर्ज याच चाळणीतून वर आला, आणि १९६३ साली त्यावर निकाल लागला की गंभीर गुन्ह्यातल्या गरीब आरोपीला सरकारने वकील दिलाच पाहिजे.

आणि एकदा आत गेलात की वेळापत्रक पक्कं. साधारण जानेवारीच्या मध्यापर्यंत घेतलेली प्रकरणं त्याच सत्रात ऐकायची, त्यानंतरची ऑक्टोबरवर. युक्तिवादाला प्रत्येक बाजूस अर्धा तास. अलीकडे तो लांबतो, पण दिवस उलटत नाही. आपल्याकडे केशवानंद भारती खटल्याची सुनावणी १९७२-७३ मध्ये ६८ दिवस चालली, १३ न्यायमूर्तींसमोर, आणि मुंबईचे नानी पालखीवाला त्यात कितीतरी दिवस उभे होते. अमेरिकन वकिलाला हे सांगितलं तर तो खुर्ची शोधेल.

तिकडची पद्धत चांगली आणि आपली वाईट, असं म्हणायला मी आलेलो नाही. आपल्या न्यायालयाने दार मुद्दाम मोठं ठेवलंय. १३६व्या कलमाचा वापर जपून करावा असं खुद्द न्यायालयाने १९५० सालीच प्रीतम सिंग खटल्यात म्हटलं. पुढे या कलमाखाली कोणती प्रकरणं घ्यावीत याचे नियम घालून द्या, असा प्रश्न घटनापीठापुढे, म्हणजे घटनेच्या प्रश्नांसाठी बसणाऱ्या पाच किंवा अधिक न्यायमूर्तींपुढे गेला, आणि २०१६ मध्ये घटनापीठाने ते नाकारलं. कोणाची अडचण खरी निघेल ते आधी कसं सांगणार? भूमिका माणुसकीची आहे. पण तिची किंमतही आहे. आज ८० हजारांहून जास्त प्रकरणं तिथे पडून आहेत. १९५० मध्ये सरन्यायाधीश धरून आठ न्यायमूर्तींची तरतूद होती, २०१९ पासून ती ३४ आहे. पहिले सरन्यायाधीश हरिलाल कनिया आपल्याच मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती होते. त्यांना आजचं बोर्ड दाखवलं असतं तर त्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं असतं.

या ३४ आकड्यात आणखी एक गोम आहे. अमेरिकेत नऊचे नऊ एकत्र बसतात, त्यामुळे कोणासमोर हा प्रश्नच नाही. आपल्याकडे दोन-दोन, तीन-तीन जणांची खंडपीठं. मग प्रकरण कुठल्या खंडपीठाकडे जाणार हे कोणी ठरवायचं? सरन्यायाधीशांनी. त्यांना 'मास्टर ऑफ द रोस्टर' म्हणतात ते यासाठी. १२ जानेवारी २०१८ रोजी चार ज्येष्ठ न्यायमूर्तींनी दिल्लीत पत्रकारांना बोलावलं, तेव्हा त्यांची मुख्य तक्रार हीच होती की महत्त्वाची प्रकरणं ठरावीक खंडपीठांकडे दिली जातात. पुढच्याच महिन्यात विषयवार कामवाटप वेबसाइटवर जाहीर झालं. हा अधिकार एकट्या सरन्यायाधीशांऐवजी ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या गटाकडे द्या, अशी याचिका ज्येष्ठ वकील शांतिभूषण यांनी केली होती. जुलै २०१८ मध्ये ती नामंजूर झाली. माझं मत विचाराल तर विषयवार वाटप जाहीर झालं हे मोठं पाऊल होतं. पण दिवस ठरवण्यातली गुंतागुंत त्याने सुटली नाही.

दिवस लवकर हवा असेल तर? मुंबई उच्च न्यायालयात वकील प्रीसिपी, म्हणजे विनंतीची चिठ्ठी देतो आणि सर्क्युलेशन, म्हणजे प्रकरण बोर्डावर घेण्याची परवानगी मागतो. दिल्लीत मेन्शनिंग करतात: सकाळी सरन्यायाधीशांसमोर उभं राहून प्रकरण तातडीचं का ते दोन वाक्यांत सांगायचं. गणपतीत मोठ्या मंडळाबाहेर मुखदर्शनाची एक रांग असते, नवसाची एक असते आणि कार्यकर्त्याच्या ओळखीने थेट आत जाणारे काही असतात. मेन्शनिंगबद्दल ज्युनिअर वकिलांच्या मनात नेमका तिसऱ्या वाटेचा संशय असायचा. मोठा वकील उभा राहिला की तारीख मिळते, असा. सरन्यायाधीश संजीव खन्ना यांनी २०२४ मध्ये तोंडी मेन्शनिंग बंद करून लेखी अर्ज मागायला सुरुवात केली. नंतर आलेले आपले अमरावतीचे भूषण गवई यांनी ते पुन्हा सुरू केलं, पण ऑगस्ट २०२५ पासून आपल्या कोर्टात सीनिअर वकिलांना मेन्शनिंगला मनाई केली. ज्युनिअरना उभं राहू दे, म्हणाले. त्याआधी, २०२२ मध्ये, उदय लळित तर सरन्यायाधीशपदी अवघे ७४ दिवस होते. त्यांनी साठलेली प्रकरणं बोर्डावर आणण्यासाठी यादीची नवी पद्धत लावली. तिच्यामुळे दुपारच्या सत्रात इतकी प्रकरणं येऊ लागली की न्यायमूर्ती कौल आणि ठाण्याचे न्यायमूर्ती अभय ओक यांनी एका आदेशातच लिहिलं की पुरेसा वेळ मिळत नाही. म्हणजे यादी जोरात हलवली तर न्यायमूर्तींनाच धाप लागते.

तारखेत काय ताकद असते ते मुंबईने दोन वेळा फार जवळून पाहिलंय.

४ ऑक्टोबर २०१९, शुक्रवार. मेट्रोच्या कारशेडसाठी तोडायची आरेची झाडं वाचवायला केलेल्या याचिका उच्च न्यायालयाने फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. सर्वोच्च न्यायालयाला दसऱ्याची सुट्टी. रविवारी कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना एक पत्र पाठवलं. साधं पत्र; एसएलपी नाही, दोष काढणारी खिडकी नाही. तेच याचिका म्हणून दाखल करून घेतलं आणि सोमवारी सकाळी दोन न्यायमूर्तींचं विशेष खंडपीठ बसलं. पुढची तोड थांबवली. किती चपळाई! तोपर्यंत २,१४१ झाडं पडलेली होती.

दुसरी आठवण महापालिकेची. पालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना यांचे वाद दिल्लीत होते. २२ ऑगस्ट २०२२ रोजी 'जैसे थे' ठेवण्याचा आदेश झाला आणि मग तारखांमागून तारखा. गटार तुंबलं, नळाला पाणी आलं नाही, तर जायचं कोणाकडे? वॉर्डात नगरसेवकच नव्हता. ६ मे २०२५ रोजी न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन निवडणुका चार महिन्यांत उरकायला सांगितलं, पुढे मुदतवाढ मिळाली आणि मतदान १५ जानेवारी २०२६ रोजी झालं. एका शहराचा कारभार जवळपास चार वर्षं प्रशासकाच्या हाती राहिला, आणि तो कोणाच्या बाजूने निकाल लागला म्हणून नव्हे. नोटाबंदीचंही तेच. नोटा रद्द झाल्या नोव्हेंबर २०१६ मध्ये, घटनापीठाचा निकाल आला २ जानेवारी २०२३ रोजी. तोवर निकाल कोणत्याही बाजूने लागला असता तरी बँकेबाहेरच्या त्या रांगा काही परत फिरणार नव्हत्या.

यावर उपाय सुचवून झालेत. विधी आयोगाने २००९ मधल्या २२९व्या अहवालात म्हटलं की दिल्लीत फक्त घटनापीठ ठेवा आणि रोजच्या अपिलांसाठी चार विभागीय पीठं करा. त्यांतलं एक मुंबईत. घटनेचं १३०वं कलम दिल्लीबाहेर बसायला परवानगीही देतं. सर्वोच्च न्यायालय मात्र या कल्पनेला राजी नाही. न्यायालयाची एकवाक्यता जाईल ही त्यांची भीती. ३४ जण आजच निरनिराळ्या खोल्यांत बसून निरनिराळी मतं देतात, तेव्हा या भीतीत फारसं बळ आहे असं मला वाटत नाही. कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालं, तेही कितीतरी वर्षं होणार नाही असंच सांगत होते.

तर, तुमच्यापैकी कोणाची याचिका दिल्लीत असेल तर वकिलाकडून डायरी नंबर घ्या आणि न्यायालयाच्या वेबसाइटवर तो घाला. केस स्टेटस मोफत दिसतं. दोष बाकी असतील तर तेही कळतं, आणि तसं असेल तर त्याच दिवशी वकिलाला फोन करा, कारण तिथे उशीर तुमच्याच बाजूचा आहे. दोष दूर झाले असतील तर खाली एक संभाव्य तारीख दिसेल, आणि ती संगणकाने काढलेली आहे असं तिथेच लिहिलेलं असेल. ती पाहून राजधानीचं तिकीट काढू नका. आदल्या दिवशी बोर्ड लागू दे, त्यात तुमचा नंबर दिसू दे, मग बघा. आणि बोर्डावर तुमचा नंबर साठच्या पुढे असेल, तर दुपारच्या जेवणाचा डबा बरोबर असू द्या.

नमस्कार.