‘ओडी’ लिहिलंय, पण कुणी?

नमस्कार. ही चिठ्ठी बघा. गोळीचं नाव आणि पुढे ‘ओडी’, म्हणजे दिवसातून एकदा. आता ही दुसरी, डोळ्यांच्या डॉक्टरांची. तीच दोन अक्षरं, पण ही लॅटिन ‘ऑक्युलस डेक्स्टर’ची: उजवा डोळा. पोटात घ्यायचं पातळ औषध डोळ्यात घातलं गेलं, अशा चुका यातूनच झाल्या आहेत. सूक्ष्मजीवांच्या प्रयोगशाळेत ओडी म्हणजे द्रावणाचा गढूळपणा, बहुधा ६०० नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजलेला.

गोव्यात हा घोळ हाकेच्या अंतरावर आहे. दाबोळीला नौदल, बांबोळीला गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज), दोनापावलाला समुद्रविज्ञान संस्था. तिन्हीकडे ‘सीओ’ म्हणून बघा. दाबोळीत तो कमांडिंग ऑफिसर. बांबोळीत हृदय मिनिटाला किती रक्त बाहेर ढकलतं ते, स्वस्थ बसलेल्या माणसात साधारण ५ लिटर. केसपेपरवर मध्ये तिरकी रेघ आली की ‘रुग्णाची तक्रार’. रसायनशास्त्रात कार्बन मोनॉक्साइड, आणि इंग्रजीत दुसरं अक्षर लहान काढलं की कोबाल्ट! देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नाहीत, त्यामुळे हा फरक आपल्याकडे उमटतच नाही. त्या मानाने ‘गोमेकॉ’ शहाणं लघुरूप. ऐकून कुणी चुकत नाही.

‘सीटीडी’ तर आणखी मजेशीर. दोनापावलाच्या शास्त्रज्ञांसाठी ते जहाजावरून तारेने खाली सोडायचं यंत्र: पाण्याची विद्युतवाहकता, तापमान आणि खोली मोजतं, वाहकतेवरून खारटपणा काढतात. बांबोळीत तो संयोजी ऊतींचा, म्हणजे शरीराचे भाग जोडून धरणाऱ्या ऊतींचा आजार, ल्युपससारखा. आणि ‘आयएनएस’ म्हणजे भारतीय नौदलाचं जहाज, पण दाबोळीचं ‘आयएनएस हंसा’ तरंगत नाही, तो जमिनीवरचा विमानतळ आहे. तिथल्या वैमानिकाला आयएनएस म्हणजे विमानातली दिशादर्शक यंत्रणाही.

आता जिवावर बेतणारं अक्षर: इंग्रजी ‘यू’, म्हणजे युनिट. इन्सुलिन ‘१० यू’ घाईत लिहिलं, यूचं तोंड वर मिटलं, की वाचणाऱ्याला दिसतं १००. दहापट डोस, साखर धाडकन खाली. मायक्रोग्रॅमचं ग्रीक अक्षर ‘म्यू’ तर हाताने काढलं की ‘एम’सारखं दिसतं, म्हणजे मिलिग्रॅम. तिथे चूक हजारपट.

म्हणून ‘युनिट’ आणि ‘मायक्रोग्रॅम’ पूर्ण लिहायचं. चिठ्ठीत लिहिलं नसेल तर फार्मसीवाल्याला काउंटरवरच विचारा: किती, कुठे, दिवसातून कितीदा? आणि उत्तर मराठीत, औषधाच्या पाकिटावरच लिहून घ्या.