भंडारदरा: तळ्याला एक फेरा

(दृश्य: घोटीहून बारीकडे जाणारा रस्ता)

घोटी सोडलं की हायवेचा गोंगाट मागे पडतो आणि कळसूबाई समोर येते. १६४६ मीटर. महाराष्ट्रात याहून उंच काही नाही. बारी गावातून चढणारी माणसं शिड्यांपाशी मुंगीएवढी दिसतात. आज आपल्याला वर जायचं नाही. आपण पायथ्यापायथ्यानं शेंडीला निघालोय. भंडारदरा म्हणून सगळे जिथं गाड्या लावतात, ते गाव म्हणजे शेंडी.

(दृश्य: धरणाची भिंत)

प्रवरेवरची ही दगडी भिंत इंग्रजांच्या काळातली. काम १९१० साली सुरू झालं, १९२६ साली संपलं. उद्घाटन गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते झालं, म्हणून नाव विल्सन डॅम. उंची सुमारे ८२ मीटर. भिंतीखालच्या गोल खडकावरून पाणी छत्रीसारखं उलगडतं, तो अंब्रेला फॉल. पण ही छत्री उघडायची की नाही, हे पाटबंधारे खातं ठरवतं. पाणी सोडलं असेल तरच ती दिसते.

इथलं सगळंच असं आहे. आपल्याला हे तळं वाटतं. खाली संगमनेर, श्रीरामपूर, राहुरीकडे विचारा, तिथं याला साठा म्हणतात. साधारण ११ टीएमसी, म्हणजे ११ अब्ज घनफूट पाणी. तिकडचा ऊस, तिकडचे साखर कारखाने या पाण्यावर उभे राहिले. 'आवर्तन सुटलं', म्हणजे शेतीसाठी धरणातून ठरलेल्या पाळीचं पाणी सुटलं, ही तिकडची मोठी बातमी असते, आणि दर आवर्तनाला इथला काठ खाली सरकतो. दिवाळीच्या सुमारास काठोकाठ असलेलं तळं मे महिन्यात उघड्या मातीचे पट्टे दाखवत बसलेलं असतं. तेव्हा फोटो पाहून तारीख ठरवू नका. फोटो कुठल्या महिन्यातला, ते आधी बघा.

कधी यायचं? माझं मत स्पष्ट आहे: पाऊस सरल्यावर, भात पिवळं पडायला लागतं तेव्हा. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी इथं धबधब्यापेक्षा गाड्यांची रांग जास्त बघायला मिळते. काजव्यांसाठी यायचं तर मेअखेर ते जूनचा पहिला जोरदार पाऊस, एवढाच काळ. हिरडा, बेहडा, सादडा अशा झाडांवर नर काजवे लुकलुकून मादीला खुणावतात. गाडीचा हेडलाइट पडला की तो संवाद तुटतो. मोबाइलची बॅटरीसुद्धा खिशातच राहू द्या. आणि तंबूतला स्पीकर? तो घरीच ठेवा, दुसरं काय सांगणार.

(दृश्य: रतनवाडी, अमृतेश्वर मंदिर)

दक्षिणेच्या काठानं गेलं की रतनवाडी. अमृतेश्वराचं मंदिर शिलाहारकालीन मानतात. कॅमेरा शिखराजवळ नेऊया. मोठ्या शिखराच्या अंगावर त्याचीच छोटी छोटी रूपं ओळीनं, एकावर एक रचलेली आहेत. शेवाळानं कोरीवकाम काही ठिकाणी बुजलंय, काही ठिकाणी उलट उठून दिसतं. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी चढतं, पिंड बुडते. शेजारच्या पुष्करणीच्या कोनाड्यांतल्या मूर्ती मात्र बरेच जण न बघताच परततात. चार पावलं चाला, चुकवू नका.

मागे रतनगड. प्रवरा इथूनच निघते. गडाची वाट रानातून जाते आणि तिचाच ओढा पुन्हापुन्हा ओलांडते. माथ्यावर नेढं आहे, कड्याला आरपार पडलेलं भोक. आत बसलं की वारा कानात शिट्ट्या घालतो. पायाखाली जो ओढा ओलांडला, तोच पुढे नदी होऊन नेवाशाला जातो. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती याच नदीच्या काठी.

(दृश्य: साम्रद, सांधण दरी)

साम्रदची सांधण दरी म्हणजे जमिनीला पडलेली उभी भेग. काही ठिकाणी ती इतकी अरुंद होते की दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंती लागतात. पावसाळ्यात आत पाऊलही टाकू नका. आकाश भरून आलं असेल तर एरवीही नको. वाटाड्या गावातलाच घ्या. इथली वस्ती मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर समाजाची आहे आणि हे रान त्यांच्या पायाखालचं आहे.

(दृश्य: घाटघर, कोकणकडा)

घाटघरला सह्याद्री एकदम संपतो. कड्याच्या टोकावर उभं राहिलं की खाली कोकण. या गावात काही वर्षी पाच हजार मिलिमीटरपर्यंत पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडचे तालुके टँकरची वाट बघतात. बरं, पूर्वेकडचं सोडा. इथल्याच डोंगरावर कितीतरी वाड्यांना उन्हाळ्यात हंडे घेऊन उतरावं लागतं. पाऊस कातळावरून वाहून जातो, आणि साठा आहे तो खाली खोऱ्यात.

कड्याच्या पोटात २५० मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प आहे. विजेची मागणी वाढली की वरच्या तलावातलं पाणी खाली सोडून वीज करायची, मागणी उतरली की तेच पाणी पंपानं पुन्हा वर चढवायचं. बाहेरून यातलं काही दिसत नाही, पण इथवर आल्यावर ठाऊक असलेलं बरं.

फेरा पुढे उडदावणे, पांजरे, मुरशेत करत शेंडीला मिळतो. वाटेतल्या गावात जेवायचं असेल तर सकाळी निघतानाच फोन करून माणसं किती ते सांगा. नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा आणि भात मिळेल. न सांगता आलेल्या दहा जणांसाठी कुणी नागली दळून ठेवलेली नसते.