मरून डब्यांना शोभेल असं इंजिन

टेबलावरचं हे जुनं मॉडेल इंजिन एच-ओ मापाचं, म्हणजे १:८७. अल्को या अमेरिकी इंजिन कंपनीच्या घाटाचं. रंग उडालेला, पण मोटर ठणठणीत. त्याच्यामागे उभे आहेत त्याच मापाचे मरून डबे. खरा आयसीएफ डबा, म्हणजे चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या घाटाचा, २१.३ मीटर लांब असतो, या मापात तो साधारण साडेचोवीस सेंटिमीटर भरतो.

मिरज-कोल्हापूर लोहमार्ग १८९१चा. विजेच्या तारा येण्याआधी इथे वर्षानुवर्षं डिझेल इंजिनं धावली. भारतात १९६२ पासून आलेली डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिनं अल्कोच्याच आराखड्यावरची, त्यामुळे हे अमेरिकी इंजिन आपल्या डब्यांपुढे परकं वाटत नाही. अशी इंजिनं कपाटात धूळ खात ठेवण्यापेक्षा डब्यांच्या मरून रंगात रंगवून रुळांवर आणावीत.

आधी बॉडी उतरवायची. आतले खटके हलकेच दाबायचे, ओढाताण नाही. मग चासी, म्हणजे खालचा धातूचा सांगाडा, उजेडात धरून बघायची. जस्ताच्या ओतकामात केसासारख्या भेगा किंवा फुगवटा दिसला, तर रंगावर पैसे घालू नका. मिश्रधातूतल्या अशुद्धीमुळे ती भेग आतून वाढत जाते, ती थांबत नाही.

जुना रंग काढायला ९९ टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोल, झाकणाच्या डब्यात. पहिला थेंब बॉडीच्या आतल्या बाजूला लावायचा. प्लास्टिक चिकट झालं तर तिथंच थांबायचं. नाही झालं तर बॉडी बुडवून ठेवायची, मधूनमधून बघायची आणि मऊ टूथब्रशने घासायची. रंग कसा सालासारखा सुटतोय बघा. खिडक्या उघड्या, जवळपास ज्योत नको. रंगाचं थिनर मात्र वापरू नका, बॉडीचं पॉलिस्टायरीन प्लास्टिक विरघळतं आणि त्याबरोबर बारीक रिव्हेटही जातात. नंतर भांड्यांच्या साबणाने धुवायचं. त्यापुढे बॉडीला उघड्या बोटांनी हात लावायचा नाही, कारण बोटांच्या तेलावर रंग धरत नाही.

आता रंग जुळवणं. इथे घाई केली की सगळं वाया जातं. गाड्यांचे रंग मिसळून देणाऱ्या दुकानात रंगाचा कोड सांगत बसू नका, डबाच सोबत न्या. रंग मोजणाऱ्या मशीनचं रीडिंग डब्याच्या खिडक्यांखालच्या सपाट पट्टीवरून घ्यायचं, पण शेवटचा निर्णय डोळ्यांनी आणि दिवसाच्या उजेडात. ट्यूबलाइटखाली सारखे दिसणारे दोन मरून बाहेर उन्हात वेगळे पडतात, कारण त्यांतली रंगद्रव्यं वेगळी असतात. शिवाय तोच रंग चमकदार असला की गडद भासतो, मॅट केला की फिका. म्हणून टाकाऊ प्लास्टिकच्या तुकड्यावर प्रायमर (रंगाखालचा पहिला थर), रंग, वार्निश असे सगळे थर चढवून, तो तुकडा डब्याला टेकवूनच बघायचं.

पांढऱ्या प्रायमरवर आधी इंजिनाचा क्रीम पट्टा, मग मरून. फिका रंग आधी, गडद नंतर. मास्किंग टेपची मूळ कड कचरा धरते, म्हणून टेप काचेवर चिकटवून नव्या ब्लेडने ताजी कड कापायची. पट्ट्यावर ती लाकडी काडीने दाबून बसवायची आणि कडेवरून पुन्हा क्रीमचाच एक हलका फवारा. जे झिरपायचं ते क्रीमच झिरपतं आणि मरूनची रेघ स्वच्छ येते.

मरूनसाठी ०.३ मिलिमीटर नोझलचा एअरब्रश (हवेने रंग फवारणारं पेन), हवेचा १५ ते २० पीएसआय दाब, दहा-बारा सेंटिमीटर अंतर. गाड्यांच्या लॅकर रंगामधलं थिनर प्लास्टिकला चावतं, म्हणून पहिले दोन थर धुरळ्यासारखे, जवळजवळ कोरडे. एकदम ओला थर दिला तर पृष्ठभागाला तडे जातात. कोल्हापूरच्या पावसाळ्यात लॅकर दुधाळ पडतं, तेव्हा थांबलेलं बरं. टेप काढताना ती स्वतःवरच मागे वळवून, तिरकी ओढायची.

'मध्य रेल्वे' या अक्षरांचे डेकल, म्हणजे पातळ छापील स्टिकर, चमकदार वार्निशवरच बसवायचे. मॅटवर खाली हवा अडकते आणि अक्षरांभोवती चंदेरी डाग दिसतो. घरच्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते, त्यामुळे पांढरी अक्षरं तयार घ्यावी लागतात. शेवटचं वार्निश इंजिनावर आणि डब्यांवर एकच.

मूळ रंग गेला की संग्राहकांकडची किंमत उतरते; जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासू नका.

बॉडीच्या आतल्या कडांवर, चाकांवर आणि वीज घेणाऱ्या पट्ट्यांवर रंग नको. कडांवर थर साचला तर बॉडी चासीवर बसत नाही. जोडण्याआधी इंजिनाच्या आणि डब्याच्या कपलिंगची उंची एकदा ताडून बघा. ती चुकली, तर वळणावर डबे सुटतात.