डोकेदुखीचे दिवस मोजा

मायबहिणींनो, आणि मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या दादांनो, तुम्हीही पुढे येऊन बसा. विषय बायकांच्या डोकेदुखीचा असला, तरी तो घरातल्या सगळ्यांच्या कानावर पडायला हवा.

माझ्याकडे येणारी अर्धशिशीची बाई दारातूनच ओळखू येते. डोक्याला फडकं करकचून बांधलेलं, कपाळावर सुंठेचा वाळून तडकलेला लेप, डोळे अर्धवट मिटलेले, आणि हातात घडी केलेली प्लास्टिकची पिशवी, एसटीत उलटी झाली तर असावी म्हणून. "डोकं फुटी ऱ्हायनं" एवढंच ती बोलते. पुढचं सोबतची सासू किंवा जाऊ सांगते: हिला पित्ताचा त्रास आहे, उलटी पडली की मोकळं वाटतं. मग पाच-पाच, दहा-दहा वर्षं पित्ताच्या गोळ्या चालू असतात.

अर्धं डोकं ठणकतं, वाकलं किंवा जिना चढला की कळ वाढते, मळमळतं, उजेड आणि आवाज सोसवत नाही, आणि हे चार तासांपासून 72 तासांपर्यंत चालतं. असं वारंवार होत असेल तर तो बहुतेक वेळा मायग्रेनच, म्हणजे आपली अर्धशिशीच असते. मायग्रेनच्या झटक्यात जठराचं काम मंदावतं, म्हणून मळमळ आणि उलटी होते. पित्तामुळे डोकं दुखतं असं वाटतं खरं, पण पोट बिघडतं ते झटक्यामुळे. उशिरा घेतलेली गोळी लागू पडत नाही, त्याचंही मोठं कारण हेच. ती पोटातच पडून राहते. म्हणून गोळी घ्यायची तर दुखणं सुरू होताच घ्यायची, आणि मळमळीची गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर तीही सोबतच. "आधी स्वयंपाक उरकते, मग बघते" म्हणणाऱ्या बाईचं दुखणं हाताबाहेर जातं.

जगात साधारण सात माणसांमागे एकाला हा आजार आहे. वयात येण्याआधी मुलगे आणि मुली यांच्यात फारसा फरक नसतो. पाळी सुरू झाली की मात्र बायकांत त्याचं प्रमाण पुरुषांच्या तिप्पट होतं. पाळीच्या तोंडावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक झपाट्यानं खाली येतं आणि ही घसरण मायग्रेनच्या मेंदूला सोसत नाही. पाळीच्या दोन दिवस आधीपासून तिसऱ्या दिवसापर्यंतचे झटके लांबतात आणि औषधाला दाद देत नाहीत. गरोदरपणात चौथ्या महिन्यापासून पुष्कळींना आराम पडतो. चाळिशीनंतर पाळी मागेपुढे होऊ लागली की त्रास पुन्हा वाढतो आणि पाळी गेल्यावर बहुतेकींचा ओसरतो.

आता आपल्या खान्देशाचं बघू. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. जळगाव-भुसावळकडे तेव्हा पारा 43-44 च्या घरात असतो, आणि त्या उन्हात आपण चुलीवर खापर ठेवून मांडे करतो. धूर, झळ, घाम, पाणी प्यायला उसंत नाही, आणि जेवायचं सगळ्यांच्या शेवटी. श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसते. दिवसभर उपवास, रात्रभर जागरण, वर बँडचा आवाज. कापूस वेचणीच्या दिवसांत पहाटे फक्त चहा पिऊन शेतात जायचं आणि भाकरी थेट दुपारी. यातलं एकटं काही आलं तर झटका येईलच असं नाही. पण पाळीची तारीख, उपाशी पोट आणि अपुरी झोप एकाच दिवशी आली की बाई आडवी पडते. कानबाईचा रोट सोडा असं मी कधीच म्हणणार नाही, माझ्याही घरी कानबाई बसते. म्हणणं एवढंच की उपवासाच्या दिवशी दर तीन-चार तासांनी केळं, दूध, शेंगदाणे असं काहीतरी पोटात जाऊ द्या, पाणी तोडू नका, आणि जागरण झालं तर सकाळी त्या बाईला दोन तास झोपू द्या. ती झोप म्हणजे तिचं औषध आहे, नखरा नव्हे.

ज्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, त्यावर आता येते. ती म्हणजे किराणा दुकानात सुटी मिळणारी डोकेदुखीची गोळी.

यावल तालुक्यातल्या, केळीच्या बागेत कामाला जाणाऱ्या एका ताईला मी सांगितलं होतं की दुधाचा हिशेब लिहिता त्याच कॅलेंडरवर डोकं दुखलं की फुली मारा, गोळी घेतली की 'ग' लिहा, पाळी आली की गोल करा. तीन महिन्यांनी तिनं पानं आणली. हळदीचे डाग पडलेल्या त्या पानांवर गोलांभोवती फुल्यांची गर्दी होती, ती अपेक्षितच होती. पण निम्म्याहून जास्त चौकोनांत 'ग' होता. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, आणि दोन-तीन औषधं एकत्र असलेली किंवा ट्रिप्टान या खास मायग्रेनच्या झटक्यावरच्या गटातली गोळी 10 किंवा जास्त दिवस, अशी तीन महिन्यांवर चालली, की गोळीच डोकेदुखी वाढवू लागते. बाई सकाळी डोकं धरूनच उठते, पुन्हा गोळी घेते, आणि फेरा चालू राहतो. त्या गोळ्या थांबवल्यावर पहिले काही दिवस डोकं जास्त दुखतं. त्या दिवसांत घरच्यांनी साथ दिली नाही तर बाई परत दुकानात जाते. यावलच्या त्या ताईचा नवरा बारा-पंधरा दिवस पोरांचे डबे स्वतः करत होता, म्हणून ती त्यातून बाहेर आली. तुमच्या घरी फुल्या मारायला आजपासून सुरुवात करा.

महिन्यातले चार किंवा जास्त दिवस डोकेदुखीत जात असतील तर झटका येऊच नये म्हणून रोज घ्यायची औषधं असतात. प्रोप्रानोलॉल, अमिट्रिप्टिलिन, फ्लुनारिझिन, टोपिरामेट ही त्यांतली नेहमीची. थोड्या मात्रेनं सुरू करतात आणि गुण यायला सहा ते आठ आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून पुष्कळजणी बंद करतात, त्याचं वाईट वाटतं. पाळी ठरल्या तारखेला येत असेल तर फक्त त्या पाच-सहा दिवसांपुरतं नॅप्रोक्सेनसारखं वेदनाशामक औषधही देता येतं. दमा असेल तर प्रोप्रानोलॉल चालत नाही. मूल हवं असेल किंवा दिवस जाण्याची शक्यता असेल, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता ते सांगा, कारण मायग्रेन रोखायला दिलं जाणारं व्हॅल्प्रोएट आणि वर सांगितलेलं टोपिरामेट पोटातल्या बाळाला घातक ठरतात. डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेघा येत असतील, तर संततिनियमनाची इस्ट्रोजेन असलेली गोळी घेऊ नका, तिच्यानं पक्षाघाताचा धोका वाढतो. तांबी बसवता येते, दुसरे मार्ग आहेत. 2018 पासून अमेरिकेत मायग्रेनच्या दुखण्यात हात असलेल्या सीजीआरपी या रेणूला अडवणारी इंजेक्शनं वापरात आली. नुसत्या मायग्रेनसाठी घडवलेली ही पहिली प्रतिबंधक औषधं. मला त्यांचं मोल वाटतं, पण आपल्या बहुसंख्य बायांचं काम वर सांगितलेल्या जुन्या, स्वस्त औषधांवर होतं.

प्रत्येक डोकेदुखी मात्र मायग्रेन नसते. क्षणात डोकं फुटल्यासारखी कळ आली, तापासोबत मान ताठली, तोंड वाकडं झालं, हातपाय लुळा पडला किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच अशी डोकेदुखी सुरू झाली, तर थांबू नका. पाचव्या महिन्यानंतरच्या गरोदर बाईचं डोकं सारखं दुखत असेल तर आशाताईंना बोलावून त्याच दिवशी रक्तदाब मोजून घ्या. बाळंतिणीचं तर फार जपा. काही घरांत अजून तिचं पाणी तोडतात. बाळंतपणात रक्त गोठण्याकडे शरीराचा कल असतोच, त्यात पाणी कमी पडलं तर मेंदूच्या शिरेत गुठळी होण्याची भीती वाढते. तिची सुरुवात नुसत्या डोकेदुखीनं होते, पुढे फिट येते, शुद्ध हरपते. बाळंतिणीचं डोकं दोन दिवस थांबत नसेल तर ते वाऱ्यानं किंवा पित्तानं आहे असं धरून बसू नका. तिला भरपूर पाणी द्या आणि बाळासकट गाडीत घालून सरळ जिल्हा रुग्णालयात न्या.